दुखणारा खुबा आणि न दुखणारा खुबा: ल्युपसमधील एव्हीएनचे एक प्रकरण

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. एव्हीएन म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाडाचा भाग मरणे, इथे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा. ल्युपसच्या रुग्णाचा खुबा बदलला तर तो टिकेल का, हा प्रश्न घरची माणसे सर्वात आधी विचारतात. उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारे असते, आणि या प्रकरणातही बदललेला खुबा चांगला चालला. नुकसान झाले ते दुसऱ्या बाजूला. तिथे दुखत नव्हते, म्हणून कोणाला घाई वाटली नाही. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधे, मात्रा आणि निर्णयांचा क्रम उपचार ज्या वाटेने गेले त्या वाटेनेच मांडला आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहणारी, घरी शिवणकाम करणारी विवाहित स्त्री. वजन ५४ किलो. चोविसाव्या वर्षी चेहऱ्यावर चट्टे, पायांवर सूज आणि लघवीतून प्रथिने जाणे सुरू झाले. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत चौथ्या वर्गाचा ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे ल्युपसमुळे मूत्रपिंडाला आलेली सूज, निघाली. तीन दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० मिग्रॅ शिरेतून दिले, त्यानंतर प्रेडनिसोलोन रोज ५० मिग्रॅ सुरू करून सहा महिन्यांत १० मिग्रॅपर्यंत उतरवले. सोबत सायक्लोफॉस्फमाइडचे ५०० मिग्रॅचे सहा डोस पंधरा-पंधरा दिवसांनी झाले. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारे मायकोफेनोलेट १ ग्रॅम दिवसातून दोनदा आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोज २०० मिग्रॅ.

या उपचारांनी मूत्रपिंड वाचले. खुब्याचे निदान झाल्यावर नातेवाइकांच्या तोंडी पहिले वाक्य असते, ‘स्टेरॉईडने हाड सडवले.’ त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. मोठ्या मात्रेच्या स्टेरॉईडने मज्जेतील चरबीच्या पेशी फुगतात आणि हाडाच्या आतला दाब वाढतो. ल्युपसमुळे बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, काहींच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्तीही असते. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असतात. त्या बंद पडल्या तर पर्यायी वाट जवळजवळ नाही. निदान ऐकून घाबरलेली रुग्णा त्याच आठवड्यात स्टेरॉईड एकदम बंद करू शकते. शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल तेव्हा दबलेले असते, त्यामुळे असे केल्याने रक्तदाब कोसळण्याचा आणि ल्युपस उसळण्याचा धोका असतो. म्हणून निदान सांगतानाच ‘गोळी स्वतःहून बंद करायची नाही’ हे बजावावे लागते.

समस्या

स्टेरॉईड सुरू झाल्यापासून चौदाव्या महिन्यात उजव्या जांघेत दुखू लागले. कळ मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरत होती. ‘नस दबली’ असे समजून कमरेचा एमआरआय झाला. त्यात चकतीचा किरकोळ फुगवटा दिसला, तसा तो पुष्कळ निरोगी माणसांतही दिसतो. कमरेचे व्यायाम, पट्टा, जीवनसत्त्वांची इंजेक्शने यांत आठ महिने गेले. मधल्या काळात औषध दुकानातून डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या गोळ्याही घेतल्या गेल्या. नेफ्रायटिसच्या रुग्णाने त्या टाळायलाच हव्यात.

खुब्याचे दुखणे ओळखायला दोन मिनिटे पुरतात. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवायचा आणि पाऊल बाहेरच्या दिशेला नेत मांडी आत वळवायची. जांघेत कळ आली किंवा वळणे दुसऱ्या बाजूपेक्षा कमी असले, तर दुखणे कमरेचे नसून खुब्याचे समजावे. ही तपासणी बाविसाव्या महिन्यात झाली. उजवीकडे आतले वळण जवळजवळ शून्य होते आणि पाय १.५ सेंमी आखूड भरला. ओटीपोटाच्या एक्स-रेमध्ये उजवा गोळा खचलेला दिसला.

त्यानंतर दोन्ही खुब्यांचा एमआरआय झाला. एव्हीएनसाठी शिरेतून द्यायच्या गॅडोलिनियम या द्रव्याची गरज नसते, टी-१ आणि स्टर या एमआरआयच्या चित्रप्रकारांवर काम भागते. आर्को ही एव्हीएनचे टप्पे सांगणारी पद्धत. उजवीकडे आर्को ३-बी, म्हणजे गोळा २ मिमीपेक्षा जास्त खचलेला. डावीकडे आर्को २, म्हणजे मृत भाग स्पष्ट पण गोळ्याचा आकार शाबूत. मृत भाग किती पसरला आहे हे उभ्या आणि बाजूच्या चित्रांतील कोनांची बेरीज करून मोजतात. ती सुधारित केरबूल कोनाची बेरीज डावीकडे २२० अंश आली. १९० च्या आत गोळा खचण्याचा धोका कमी, २४० च्या पुढे फार जास्त, आणि हा आकडा मधल्या पट्ट्यात पडत होता. डावीकडे तिला अजिबात दुखत नव्हते.

त्याच आठवड्याच्या रक्त-लघवी तपासणीने आणखी तीन अडचणी समोर आणल्या. लघवीतील प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर १.४ होते, सी-३ खाली आणि अँटी-डीएसडीएनए वर होते. म्हणजे नेफ्रायटिस पुन्हा डोके वर काढत होता. विचारल्यावर कळले की पोटाला त्रास होतो म्हणून ती मायकोफेनोलेटची अर्धीच मात्रा घेत होती. हिमोग्लोबिन ९.८ होते. आणि एपीटीटी, म्हणजे नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ, ३० सेकंदांऐवजी ५४ सेकंद आला.

कोणते पर्याय समोर होते

उजव्या बाजूला फारसा वाद नव्हता. खचलेल्या गोळ्यात छिद्रे पाडून दाब कमी करण्याचा उपयोग होत नाही. फक्त गोळा बदलून वाटी, म्हणजे गोळा ज्यात फिरतो ती ओटीपोटाच्या हाडातील खोबण, तशीच ठेवण्याच्या शस्त्रक्रियेत पुढे जांघ दुखत राहणे आणि वाटीचे कूर्चा झिजणे हे तरुण रुग्णांत वारंवार दिसते. गोळ्यावर धातूची टोपी बसवणारे, धातूवर धातू घासणारे रिसरफेसिंग तर मूत्रपिंड नाजूक असलेल्या आणि मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी बाजूलाच ठेवावे, कारण रक्तात उतरणारे कोबाल्ट-क्रोमियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडच करते. उरला तो संपूर्ण खुबा बदलणे. वय २६ आहे म्हणून दहा वर्षे थांबा, असे सांगणारेही होते. पण थांबण्याची किंमत स्नायू वाळणे, कंबर आणि दुसरा पाय बिघडणे, घरात जखडणे या रूपात मोजावी लागते, आणि वाट पाहून गोळा परत भरत नाही.

खरा प्रश्न वेळेचा होता. सक्रिय नेफ्रायटिसमध्ये मोठी, नियोजित शस्त्रक्रिया करू नये यावर हाडांचे आणि मूत्रपिंडाचे दोन्ही पथक एकमताने ठाम होते. मायकोफेनोलेट पूर्ण मात्रेवर आणले, पोटाच्या त्रासासाठी गोळ्या जेवणासोबत आणि चार वेळांत विभागून दिल्या. लघवीतील प्रथिने कमी करणारे टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ जोडले. प्रेडनिसोलोन थोड्या काळासाठी १० मिग्रॅ ठेवून परत ५ वर आणले. शस्त्रक्रियेला सहा महिने लागणार हे ठरले.

डाव्या बाजूसाठी तीन मार्ग होते. पहिला, गोळ्यात ड्रिलने छिद्रे पाडून आतला दाब उतरवणे, म्हणजे कोअर डीकम्प्रेशन. हे गोळा शाबूत असेपर्यंतच करता येते. छोटी शस्त्रक्रिया, आत काही बसवायचे नाही, पण नंतर सहा आठवडे त्या पायावर अर्धाच भार. ती सर्वांना लागू पडतेच असे नाही, पुरावाही एकमुखी नाही. लहान आणि मध्यम आकाराच्या मृत भागात मात्र तिचा विचार व्हायलाच हवा. दुसरा मार्ग अ‍ॅलेन्ड्रोनेट. हाडाची झीज रोखणारे हे औषध हाडात वर्षानुवर्षे राहते आणि हिला मूल हवे होते, म्हणून ते नको ठरले. तिसरा मार्ग नुसते लक्ष ठेवणे.

डीकम्प्रेशनविरुद्धचा मुद्दा खराखुरा होता. डाव्या पायावर अर्धा भार ठेवायचा, तर सगळे वजन खचलेल्या उजव्या खुब्यावर येणार. कुबड्या घेऊनही तिला ते सोसले नसते, असे मानले गेले. फाइलवर नोंद झाली: ‘डावीकडे लक्षणे नाहीत, सहा महिन्यांनी एमआरआय.’ तिसरा मार्ग असा निवडला गेला, पण त्यावर वेगळी चर्चा झाली नाही. सर्वांची नजर उजवीकडे होती.

लांबलेला एपीटीटी

एपीटीटी लांबलेला दिसला की पहिली भीती रक्तस्रावाची वाटते, आणि प्लाझ्मा चढवून आकडा ‘ठीक’ करण्याचा मोह होतो. ल्युपसमध्ये उलटे असू शकते. निरोगी माणसाचा प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून तपासणी पुन्हा केली, तेव्हाही आकडा खाली आला नाही. म्हणजे घटकाची कमतरता नव्हती, प्रतिबंधक होता. पुढच्या चाचणीत ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट सकारात्मक निघाला. काचेच्या नळीत हा रक्त गोठायला उशीर लावतो, शरीरात मात्र गुठळ्यांचा धोका वाढवतो. अँटीकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या सोबतच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या नकारात्मक होत्या, याआधी गुठळी किंवा गर्भपात झालेला नव्हता. १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा केली, ती परत सकारात्मक आली. हे १२ आठवडे नेफ्रायटिस शमवण्याच्या काळात बसले.

यावरून चार गोष्टी ठरल्या. प्लाझ्मा द्यायचा नाही. गुठळ्या रोखणारे एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ रोज, शस्त्रक्रियेनंतर १२ तासांनी सुरू करून ३५ दिवस, आणि टेबलावरच शस्त्रक्रिया होत नसलेल्या पायाला हवेच्या दाबाचा पट्टा. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल शिरेतून न देता सांध्यात ओतायचे. यावर मतभेद आहेत, पण कमी धोक्याचा मार्ग उपलब्ध असताना तो घेणे योग्य वाटले. चौथी गोष्ट सहज सुटून जाते. सण, पूजा, लग्न यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात. त्यांतील नॉरइथिस्टेरोनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि त्याने गुठळ्यांचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेच्या तारखेच्या जवळपास घरात वास्तुशांत होती, म्हणून हे मुद्दाम विचारले. तिने गोळ्या आणून ठेवल्या होत्या. त्या घेऊ दिल्या नाहीत.

केलेली तयारी आणि शस्त्रक्रिया

अठ्ठाविसाव्या महिन्यात लघवीतील प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.४ वर आले होते, क्रिएटिनिन ०.९, प्लेटलेट १.३८ लाख. लोह शिरेतून १ ग्रॅम दिल्यावर हिमोग्लोबिन ११.४. ‘ड’ जीवनसत्त्व ११ होते, आठवड्याला ६०,००० युनिट असे आठ आठवडे दिले. दोन किडलेल्या दाढांवर उपचार झाले. छातीचा एक्स-रे, इको आणि लघवीचे कल्चर स्वच्छ होते.

मायकोफेनोलेट थांबवायचे की नाही यावर थोडी ओढाताण झाली. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजी आणि तिथल्या खुबा-गुडघा शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२२ मध्ये अद्ययावत केलेल्या शिफारशी इथे उपयोगी पडल्या. अवयवाला धोका पोचवणाऱ्या ल्युपसमध्ये अशी औषधे शस्त्रक्रियेदरम्यान चालू ठेवावीत आणि सौम्य ल्युपसमध्ये आठवडाभर आधी थांबवावीत, असे त्या सांगतात. नेफ्रायटिस नुकताच शमला होता, म्हणून औषध चालू राहिले. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू. स्टेरॉईडची नेहमीची ५ मिग्रॅची गोळी सकाळी दिली, सवयीने दिला जाणारा हायड्रोकॉर्टिसोनचा मोठा डोस टाळला. रक्तदाब घसरल्यास तो हाताशी असावा एवढी काळजी भूलतज्ज्ञांनी घेतली.

भूल मणक्यातून दिली. चीर देण्याआधी तासाच्या आत सेफाझोलिन २ ग्रॅम दिले. जेंटामायसिन मूत्रपिंडासाठी वर्ज्य. मागच्या बाजूने सांधा उघडला. वाटीचे हाड अपेक्षेपेक्षा मऊ होते. अशा हाडात घट्ट बसवण्याच्या नादात वाटी ठोकली तर तिचा तळ फुटतो, म्हणून फक्त १ मिमी कमी कोरून सिमेंटशिवायची ४६ मिमीची वाटी बसवली आणि दोन स्क्रू लावले. अस्तर क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीनचे, गोळा ३२ मिमी सिरॅमिकचा.

मांडीच्या हाडात शेवटचा ब्रोच, म्हणजे पोकळी घडवणारी कानस, ठोकताना आतल्या कडेला सुमारे १.५ सेंमीची बारीक चीर गेली. तरुण हाडाची पोकळी अरुंद, आणि स्टेरॉईडने भिंत ठिसूळ, अशा जोडीत हे घडते. आवाज बदलला आणि ब्रोच अचानक सैल आत गेला, तेव्हाच ते ओळखले गेले. ब्रोच काढून चीर कुठपर्यंत आहे ते डोळ्यांनी आणि एक्स-रेवर पाहिले, लहान उंचवट्याच्या वर एक तार आवळली आणि मग स्टेम, म्हणजे कृत्रिम सांध्याचा हाडात जाणारा दांडा, बसवला. स्टेम पक्का बसला, पण पूर्ण भाराऐवजी सहा आठवडे अर्धा भार, असे ठरवावे लागले. काढलेला गोळा बायोप्सी आणि क्षयरोगाच्या कल्चरसाठी पाठवला. प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णात एव्हीएनच्या आड क्षय लपू शकतो. दोन्ही अहवाल स्वच्छ आले.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल, थोडे ट्रॅमाडॉल आणि सांध्याभोवती भूल देणारे औषध वापरले. डायक्लोफिनॅकवर फाइलच्या मुखपृष्ठावरच लाल शाईने फुली मारली होती.

पाचव्या दिवशी जखमेतून पाणचट स्राव सुरू झाला. इथे दोन चुका सोप्या असतात: प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू करून वाट पाहणे, किंवा एनॉक्सापॅरिन घाईने बंद करणे. पहिल्याने खोल संसर्ग झाकला जातो. दुसऱ्याने, ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट असताना, गुठळीला वाट मिळते. पथकाने कोरडी दाबपट्टी बांधली, खुबा वाकवण्याचे व्यायाम दोन दिवस थांबवले आणि मर्यादा आखली की सातव्या दिवशीही पट्टी ओली असेल तर जखम उघडून धुवायची. रक्तातील सीआरपी हा सूज दाखवणारा आकडा उतरत होता, ताप नव्हता. सातव्या दिवशी पट्टी कोरडी निघाली, आठव्या दिवशी घरी. टाके चौदाव्या ऐवजी अठराव्या दिवशी काढले, कारण स्टेरॉईडने पातळ झालेली त्वचा सावकाश धरते.

घरी अंगणातल्या शौचालयात कमोडची खुर्ची ठेवली, पलंग विटांवर चढवून गुडघ्यापेक्षा उंच केला. तीन महिने मांडी घालायची नाही, उकिडवे बसणे कायमचे बंद. पायाने चालवायच्या शिलाई मशीनला मोटर बसवली. ही सूचना फिजिओथेरपिस्टने काम विचारल्यामुळेच पुढे आली.

डाव्या खुब्याचे काय झाले

ठरलेला एमआरआय झालाच नाही. सहावा महिना उजव्या शस्त्रक्रियेच्या आठवड्यात आला, आणि तो करवून घेणे नेमके कोणाकडे आहे हे लिहिलेले नव्हते. त्यात उजवीकडच्या चिरेमुळे सहा आठवडे डाव्या पायाने जास्त भार उचलला. भारामुळे गोळा खचलाच असे ठामपणे म्हणता येणार नाही, २२० अंशांचा भाग भाराशिवायही खचू शकला असता. एकतिसाव्या महिन्यात डाव्या जांघेत कळ आली. एक्स-रेमध्ये कूर्च्याखाली चंद्रकोरीसारखी रेघ, एमआरआयमध्ये आर्को ३-ए. डीकम्प्रेशनची वेळ निघून गेली होती. चाळिसाव्या महिन्यात डावा खुबाही बदलला. यावेळी ब्रोच घालण्याआधीच हाडाभोवती तार आवळली. चीर गेली नाही, पहिल्या दिवसापासून पूर्ण भार देता आला, चौथ्या दिवशी ती घरी गेली.

फलित

उजव्या खुब्याचा हॅरिस स्कोअर (वेदना आणि हालचालीचे शंभरपैकी गुण) शस्त्रक्रियेपूर्वी ३८ होता, दोन वर्षांनी ९१. डावीकडे ४४ वरून वर्षभरात ८७. पायांच्या लांबीतील फरक ४ मिमी. सांधा निखळला नाही, संसर्ग किंवा गुठळी झाली नाही. ती दिवसाचे पाच-सहा तास शिवणकाम करते आणि जिना आधाराशिवाय चढते.

ल्युपसमध्ये खुबा बदलल्यावर वेदना कमी होण्याचे आणि चालण्याचे निकाल इतर रुग्णांच्या जवळपास असतात. संसर्ग, रक्त चढवावे लागणे आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी यांचे प्रमाण मात्र जास्त असते. आजचे चांगले सांधे दहा वर्षांनी दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत शाबूत असतात, पण सव्विसाव्या वर्षी बसवलेल्या सांध्याला पन्नास वर्षे काढायची असतात. पुढे कधीतरी तो पुन्हा बदलावा लागेल हे तिला आणि तिच्या नवऱ्याला शस्त्रक्रियेआधीच सांगितले होते. तसे दोन सांधे आता तिच्या अंगात आहेत.

काय वेगळे करता आले असते

आठ महिने कमरेत घालवले गेले ते टाळता आले असते. मोठ्या मात्रेने स्टेरॉईड घेतलेल्या ल्युपसच्या रुग्णाला जांघ, मांडी किंवा गुडघ्यात दुखू लागले, तर कमरेच्या आधी खुब्याचा एक्स-रे आणि तो स्वच्छ असला तरी एमआरआय करावा. सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रे स्वच्छच असतो. तक्रार नसतानाही सर्वांची एमआरआय चाळणी करावी का, यावर एकमत नाही. एका बाजूला एव्हीएन सापडल्यावर मात्र दुसरी बाजू पाहणे बंधनकारक समजावे. खांदे आणि गुडघेही विचारून घ्यावेत.

त्याहून महत्त्वाचा निर्णय क्रमाचा. उजवा खुबा तिला छळत होता, पण त्याची वेळ निघून गेली होती. तो जानेवारीत बदला की जुलैत, शेवटचा निकाल बहुधा तोच. डाव्या खुब्याचे घड्याळ चालू होते. दोन मार्ग गंभीरपणे तपासायला हवे होते. पहिला, नेफ्रायटिस उतरणीला लागल्यावर, दोनेक महिन्यांनी, डावीकडे डीकम्प्रेशन करून सहा आठवडे वॉकर आणि चाकांची खुर्ची. उजव्या खुब्याला ते सोसणार नाही हे गृहीत धरले गेले, आजमावून पाहिले नाही. दुसरा, एकाच भुलेत उजवा खुबा बदलणे आणि डावीकडे डीकम्प्रेशन. त्यासाठी उजव्या पायाने पहिल्या दिवसापासून पूर्ण भार घ्यायला हवा, म्हणजे तार आधीच आवळणे आले. या रुग्णात पहिला मार्ग जास्त पटतो, कारण तो लवकरचा आहे. डीकम्प्रेशन करूनही डावा गोळा खचला असता अशी शक्यता होतीच. तरी ती संधी तिला समजावून द्यायला हवी होती, आणि नाकारायची तर तिने नाकारायला हवी होती.

लक्ष ठेवायचेच ठरले तर अंतर तीन महिन्यांचे हवे, आणि तारीख अशा फाइलवर हवी जी रुग्णा दर महिन्याला उघडते. ल्युपसच्या रुग्णाची ती फाइल बहुधा मूत्रपिंड किंवा संधिवात विभागाची असते, हाडांच्या विभागाची नसते.

सध्या मायकोफेनोलेटच्या जागी अ‍ॅझाथायोप्रिन सुरू आहे, कारण गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी मायकोफेनोलेट बंद लागते आणि ल्युपस त्याआधी सहा महिने शांत हवा. टेल्मिसार्टनही गर्भाला घातक, ते कधी थांबवायचे हे ठरवले आहे. दोन्ही खुबे बदललेले असले तरी नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. पाय किती वाकवायचे आणि कोणत्या दिशेला वळवायचे नाहीत, हे लिहिलेली चिठ्ठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कागदांना जोडली आहे. खुब्यांचा पुढचा एक्स-रे वर्षभराने आहे.